दांडी डावीकडे जाते

१

मिस्त्रीच्या गॅरेजात एक नियम होता. गाडी कसलीही येवो, आधी ट्रायल, मग पाना. बाकीचे लोक गाडी दारात आली की बॉनेट उघडून डोकं आत घालतात. मिस्त्रीला ते आवडत नसे. डॉक्टर काय पेशंट आत आला की लगेच पोट फाडतो का, असं तो विचारायचा.

ट्रायलची त्याची रीतही वेगळी होती. लांबचं पुसट दिसायला लागल्यापासून तो रस्त्यावर गाडी हाकत नसे. मुलगी हाकायची. तो शेजारच्या सीटवर बसायचा. मुलीचा डावा हात गिअरच्या दांडीवर गेला की त्या हातावर आपला उजवा पंजा ठेवायचा. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. आत कुठला दात झिजलाय, कुठली बुश ढिली झालीय, हे त्याला पोरीच्या हाताच्या पाठीवरून कळायचं.

शेजारच्या टायरवाल्याला याची भारी गंमत वाटायची.

"मिस्त्री, पोरगी लग्नाची झाली, अजून हात धरूनच चालवायला लावता? नवरदेवाला मागच्या सीटवर बसवणार का?"

"काका," मुलगी आतूनच ओरडायची, "आधी स्वतःच्या पोटातली हवा कमी करा. ट्यूब फुटेल एक दिवस."

गिअरबॉक्सच्या कामात मिस्त्रीचं नाव होतं. दुसऱ्यांनी हात टेकलेल्या गाड्या त्याच्याकडे यायच्या आणि नीट होऊन जायच्या. "सापडत नाही" हे शब्द त्याने गिऱ्हाइकासमोर कधी काढले नव्हते. याचा त्याला ताठा होता, आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नसे.

त्या सकाळी आलेली गाडी बुटकी होती. दोन दारांची, काळपट राखाडी, जमिनीला पोट लावून बसलेली. शर्यतीची हौस असलेल्या पैसेवाल्यांची असते तशी. मालक मात्र तसा वाटत नव्हता. सडसडीत, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेला माणूस. त्याने गाडी फाटकाच्या आत आणली नाही. बाहेरच उभी केली, किल्ली मुलीच्या हातात दिली आणि दोन पावलं मागे सरकला.

"तिसरा पडत नाही," तो म्हणाला.

"पडत नाही की पडून सुटतो?" मिस्त्रीने विचारलं.

"पडू देत नाही."

"कोण पडू देत नाही? गाडी काय सासू आहे?"

मुलगी हसली. मालक हसला नाही. "बघा तुम्ही," एवढंच म्हणाला आणि चालत निघून गेला. गाडी देऊन जाणारा माणूस कोपऱ्यावरून एकदा तरी वळून बघतो. विशेषतः गाडी अशी असली की. हा वळला नाही.

२

गोदामांच्या मागचा रस्ता ट्रायलला चांगला. सरळ, रुंद, आणि दुपारपर्यंत रिकामा. शेवटी पुलाकडे उतरणारा लांब उतार.

मुलीने गाडी काढली. मिस्त्रीचा पंजा तिच्या हातावर. पहिला पडला. दुसरा पडला, लोण्यात सुरी जावी तसा. क्लच साफ सुटत होता. मग तिने दुसऱ्यातून दांडी सोडवून वर ढकलली.

खर्र्र.

"बघा," ती म्हणाली.

"पुन्हा."

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मिस्त्रीने डोळे मिटले. डोळे मिटले की त्याचा पंजा जास्त ऐकायचा.

गिअरच्या दांडीला रांगा असतात. पहिला-दुसरा डावीकडच्या रांगेत, म्हणजे शेजारी बसणाऱ्याच्या बाजूला. तिसरा-चौथा मधल्या. पाचवा-सहावा चालवणाऱ्याकडे. दांडी मोकळी सोडली की ती आपोआप मधल्या रांगेत येऊन उभी राहायला हवी. आत एक स्प्रिंग असते, ती तिला मध्ये आणते. इथे दांडी मध्ये येतच नव्हती. दुसऱ्यातून सुटायची, पण डावीकडेच राहायची. मग वर ढकलली की तिसऱ्याऐवजी पहिल्याच्या तोंडावर जाऊन आदळायची. त्या वेगात पहिला कसा पडणार?

"तिसऱ्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "दांडी डावीकडे जाते. मधली स्प्रिंग मेली."

"एवढंच?"

"एवढंच. चल मागे."

त्याला बरं वाटलं. पहिल्याच ट्रायलला दोष हाती लागला की त्याला जेवण गोड लागायचं.

गॅरेजात परत आल्यावर मुलगी उतरली आणि तो जरा बसून राहिला. जवळचं त्याला स्वच्छ दिसायचं. दांडीच्या मुठीवर काळं चामडं होतं. चामडं झिजलं होतं. गाडी वापरातली म्हटल्यावर झिजणारच. पण चालवणाऱ्याच्या तळव्याखाली येते ती बाजू नवीकोरी होती, शिवणसुद्धा उसवली नव्हती. झिजली होती ती डावी बाजू. तिथे बोटांच्या चार खोलगट जागा पडल्या होत्या, शेजारच्या सीटवरून हात घालून मूठ धरावी तशा.

त्याने आपली बोटं त्या खाचांवर टेकवून पाहिली. बसली नाहीत. खाचा लांब होत्या.

असेल कुणी हौशी, त्याने मनात म्हटलं. मीही पोरीचा हात धरतोच की.

३

गिअरबॉक्स उतरवायला आणि उघडायला दिवस गेला. बाकावर सगळे भाग ओळीने मांडून झाले. मिस्त्रीचा अंदाज बरोबर निघाला. तिसऱ्या गिअरची पितळी रिंग आरशासारखी होती. पहिल्याची रिंग मात्र कुत्र्याने हाड चघळावं तशी कुरतडलेली.

"म्हणजे तुमचं बरोबर," मुलगी म्हणाली.

"माझं चूक कधी होतं?"

मग तिने मधली स्प्रिंग काढून त्याच्या हातात ठेवली. त्याने ती अंगठ्याने दाबली आणि स्प्रिंगने अंगठा परत फेकला. चांगली ताठ स्प्रिंग होती. मेलेली नव्हती. थकलेलीसुद्धा नव्हती.

मिस्त्रीने ती पुन्हा एकदा दाबून पाहिली.

"बसवताना कुठे अडकत असेल," मिस्त्री म्हणाला. "नवी टाक. रिंगही नवी टाक. दांडीच्या खालच्या बुशाही बदल."

"बुशा चांगल्या आहेत, बाबा."

"बदल म्हटलं ना."

पुढच्या दिवशी संध्याकाळच्या आत गाडी पुन्हा जोडून जॅकवर उभी होती. मिस्त्रीने दारातून वाकून हाताने दांडी हलवून पाहिली. दुसरा, तिसरा, दुसरा, तिसरा. कुठे कुरकुर नाही. सोडली की टुणकन मध्ये. त्याने ती न्यूट्रलमध्ये सोडली, हात पुसायला बाकाकडे वळला आणि सवयीने एकदा मागे पाहिलं.

दांडी डावीकडे कललेली होती.

तो जवळ गेला. नव्या स्प्रिंगची दांडी हात न लावता अशी राहूच शकत नाही. ती तशी ठेवायची तर धरून ठेवावी लागते. त्याने बोट लावलं. क्षणभर ती अडून राहिली. मग टुणकन मध्ये आली.

"तू हात लावलास का गं?"

"कशाला? मी इथे ऑइल पुसतेय." तिचा आवाज गाडीच्या पलीकडून, जमिनीजवळून आला.

नवी स्प्रिंग आहे. नवा माल जरा चिकटतो. मिस्त्रीने स्वतःला हे सांगितलं आणि चटकन मानलंही. मग गाडीचं दार लावून घेतलं. गाडीचं दार त्याने याआधी कधी काम चालू असताना लावलं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशीच्या ट्रायलला त्याने हात ठेवला नाही. मुद्दामच. चालवणाऱ्या एकट्या हाताला गाडी कशी वागते ते बघायचं होतं. दोन्ही हातांनी छातीवरचा पट्टा धरून तो बसला.

पहिला. दुसरा. तिसरा पडला. आवाज नाही, झटका नाही.

"पडला!" मुलगी म्हणाली. चौथा टाकला, परत तिसरा, परत चौथा. पाचव्यात घालून तिने रस्ता संपेपर्यंत गाडी पळवली. इंजीन सुरात गात होतं. मिस्त्रीने पट्ट्याआड मान डोलावली. झालं काम. उद्या मालकाला बोलवायचं.

परतीच्या रस्त्यावर, पाचव्यातून चौथ्यात येताना, ती वैतागून म्हणाली, "बाबा, ओढताय कशाला?"

मिस्त्रीने खाली पाहिलं. त्याचे दोन्ही हात पट्ट्यावर होते.

"मघापासून बघतेय. नुसता ठेवा ना हात नेहमीसारखा. असा दाबलात की दुखतं."

तिची नजर रस्त्यावर होती. दांडीवर तिचा हात होता. मधल्या बोटांच्या मागची कातडी पांढरी पडली होती, कुणी वरून दाबून धरल्यावर पडते तशी.

तो बोलला असता तर तिचं लक्ष रस्त्यावरून उडालं असतं. म्हणून तो बोलला नाही. निदान त्याने स्वतःला तसं सांगितलं.

"सावकाश घे," एवढंच तो म्हणाला.

गॅरेजच्या वळणावर दांडी मोकळी झाली असावी, कारण मुलीने हात झटकला आणि बोटं उघडली-मिटली. "काय ताकद आहे हो तुमच्यात या वयात," ती म्हणाली.

५

घरी जेवायला बसल्यावर बायकोने मुलीचा हात धरून दिव्याकडे केला.

"हे काय झालंय?"

हाताच्या पाठीवर चार काळपट पट्टे उठले होते.

"बाबांचा लाड," मुलगी तोंडात घास घेत म्हणाली.

"अहो, पोरीचा हात आहे की पाना? काही कळतं का तुम्हाला? एवढं धरायचं?"

मिस्त्री जेवत राहिला.

"मी बोलतेय तुमच्याशी. इकडे या. द्या हात."

बायको ऐकणारी नव्हती. तिने त्याचा पंजा ओढून मुलीच्या हातावर पट्ट्यांना लावून ठेवला, दोषी माणसाला पुरावा दाखवावा तसा. मग तिची बडबड थांबली. मिस्त्रीची बोटं आखूड, जाड. पट्टे लांब होते. त्याच्या बोटांच्या टोकांपुढे ते पोरीच्या मनगटाच्या आतल्या बाजूपर्यंत वळून गेले होते.

"हात घसरला असेल," मुलगी म्हणाली.

"हो, घसरला," मिस्त्री म्हणाला.

बायको तेलाची वाटी घेऊन आली. तिने मुलीच्या हाताला तेल चोळलं. बराच वेळ चोळत होती. झोपायला जाताना फक्त म्हणाली, "ती गाडी देऊन टाका."

"देणारच आहे. झाली दुरुस्त."

"झाली असो नसो. देऊन टाका."

६

मालक सकाळी स्वतःच आला. फाटकाबाहेर उभा राहिला. गाडीकडे बघणं टाळत होता.

"तिसरा पडला?"

"पडला."

"कोण चालवत होतं?"

"मुलगी."

"तुम्ही शेजारी?"

"मी शेजारी."

त्याने मान हलवली, जणू हिशेब जुळला. "शेजारी तोच माणूस दुसऱ्यांदा बसला की पडतो. मग तो तिसऱ्याला अडवत नाही."

"तो कोण?"

मालक टायरवाल्याच्या दुकानाकडे बघत राहिला. टायरवाला एका चाकावर हातोडा मारत होता. तो आवाज थांबल्यावर मालक म्हणाला, "पाचव्यातून चौथा टाकताना काही झालं का?"

मिस्त्री फडक्याला हात पुसू लागला. पाचव्यातून चौथ्यात येताना दांडी उजवीकडून मधल्या रांगेत खाली ओढायची असते. कुणी तिला आणखी डावीकडे ओढलं तर चौथ्याऐवजी दुसरा पडतो. आणि त्या वेगात दुसरा पडला तर मागची चाकं जागच्या जागी आवळतात. मग गाडी कुठे जाईल ते गाडीच ठरवते.

"मिस्त्री," मालक हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही फक्त म्हणा, सापडलं नाही. मी टो करून घेऊन जातो. काही बोलणार नाही, कुठे सांगणार नाही."

हीच ती वेळ होती. दोन शब्द होते. टायरवाला हातोडा टेकून ऐकत होता. मुलगी गॅरेजच्या दारात उभी होती, दुखरा हात दुसऱ्या हातात धरून.

"माझ्या दारातून गाडी तशी जात नाही," मिस्त्री म्हणाला. "दुपारी या. नीट करून देतो."

मालकाने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. कीव होती. ती मिस्त्रीला सहन झाली नाही, म्हणून तो पाठ फिरवून आत गेला.

"बाबा, राहू द्या ना," मुलगी म्हणाली.

"शेवटची ट्रायल. हात मी ठेवणार, नीट. तू फक्त चालव."

"माझा हात ठणकतोय."

"माझा वर असेल. दुसऱ्या कुणाला जागाच नाही."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. मुलीलाही कळलं असावं. तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मुकाट्याने गाडीत बसली. बापाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. ती सवय त्यानेच लागू दिली नव्हती.

७

ऊन लख्ख होतं. रस्ता रिकामा. गोदामांची पत्र्याची दारं एकामागून एक मागे पळत होती.

मिस्त्रीचा पंजा मुलीच्या हातावर होता. तिच्या बोटांचे सांधे, बोटातली अंगठी, सगळं ओळखीचं. पहिला, दुसरा, तिसरा. काही नाही. चौथा. पाचवा. आतले दात एकमेकांत नीट बसत होते. त्याची छाती हलकी झाली. नवी स्प्रिंग रुळली. कालचं काय ते कालचं.

उतार लागला. पूल दिसायला लागला, म्हणजे मुलीला दिसत असेल. त्याला नुसता पांढुरका पट्टा दिसत होता.

"चौथा टाक."

तिने क्लच दाबला. दांडी पाचव्यातून सुटली. मध्ये आली. थांबली नाही. डावीकडे सरकली, त्याच्या मांडीकडे.

"बाबा, नको!"

"मी नाही!"

"बाबा!" ती किंचाळली, आणि तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर गेले.

दोन्ही.

मिस्त्रीने खाली पाहिलं. जवळचं त्याला स्वच्छ दिसायचं. त्याचा पंजा दांडीवर नव्हता. मूठ खाली होती, पंजा वर होता, आणि दोहोंच्या मध्ये एका हाताएवढी मोकळी जागा होती. त्या जागेतून खालचं चामडं दिसत होतं, उन्हात चमकत. आणि त्याच्या तळव्याखाली सांधे होते. लांब, टणक, उबदार. ते वळत होते.

"क्लच सोडू नकोस!" तो ओरडला. "काही झालं तरी पाय उचलू नकोस! ब्रेक मार, हळूहळू मार!"

त्याने बोटं आवळली आणि त्या सांध्यांसकट दांडी उजवीकडे दाबली. उभा जन्म पाने फिरवलेला हात होता. तरी दांडी खालीच जात राहिली, केसाकेसाने. दुसऱ्याच्या रांगेत. दुसऱ्याच्या तोंडाशी. त्याने दुसरा हातही घातला. दात-ओठ खाल्ले. दांडी थरथरत न्यूट्रलमध्ये उभी राहिली, न इकडे न तिकडे.

ब्रेकचा जळका वास आला. गाडी उतारावर, पुलाच्या थोडी अलीकडे थांबली. मुलीने हँडब्रेक खेचला, किल्ली फिरवून काढून घेतली. इंजीन बंद झालं.

"उतर," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही पण."

"आधी तू उतर. लांब उभी राहा, रस्त्याच्या कठड्यापाशी."

ती उतरली. वळसा घालून तिने त्याच्या बाजूचं दार बाहेरून उघडलं आणि मग, सांगितल्याप्रमाणे, मागे सरकून कठड्यापाशी उभी राहिली.

"या ना बाबा. उतरा."

तो उतरणारच होता. त्याने हात काढायला घेतले, आणि हात सहज निघाले. कुणी धरलं नव्हतं. दांडी मोकळी होती.

मग ती हलली.

डावीकडे नाही. सावकाश मध्ये आली, चांगल्या स्प्रिंगवर यावी तशी. चालवणाऱ्याच्या पायापाशी क्लचचं पेडल खाली गेलं. धसकन नाही. पूर्ण, शेवटपर्यंत, हळुवार, शिकलेल्या पायाने दाबावं तसं. आणि दांडी वर सरकून तिसऱ्यात पडली. मिस्त्रीने आयुष्यात हजारो गिअर पडताना ऐकले होते. असा पडलेला ऐकला नव्हता. कारण ऐकू येण्याजोगं काही नव्हतंच.

मग दांडी पुन्हा न्यूट्रलमध्ये आली आणि तिथे थांबली. समजलं का, असं विचारून मास्तर थांबतो तशी.

भीती होती. अंगभर होती. पण भीतीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, जुनं आणि हट्टी, आणि ते त्याला सीटवरून उठू देत नव्हतं. त्याचा उजवा हात पुन्हा पुढे गेला आणि दांडीच्या वर, त्या मोकळ्या जागेवर अलगद टेकला. दाबला नाही. नुसता ठेवला.

"बाबा! काय करताय? उतरा ना!"

"थांब," तो म्हणाला. त्याने डोळे मिटले होते. "थांब जरा. सापडतंय."

क्लचचं पेडल खालीच होतं. त्याच्या तळव्याखाली दांडी तिसऱ्यात गेली. मग मांडीजवळ हँडब्रेकचं बटण टिक्कन दबलं, आणि लिव्हर सावकाश खाली आली.

मुलगी धावली. किल्ली तिच्या मुठीत होती. तिच्या हातापुढून उघडं दार निसटलं आणि आपसूक मिटत गेलं. गाडी पुलाकडे निघाली होती, इंजिनाचा आवाज न करता. मागच्या काचेतून तिला बापाचं डोकं दिसलं, शांत, जरा बाजूला कललेलं, काहीतरी लक्ष देऊन ऐकत असावं तसं. आणि त्याच्या शेजारी, चालवणाऱ्याच्या सीटच्या काठावरून, कुणीतरी मागे वळून तिच्याकडे बघितलं.